दोन वर्षांची डिग्री, आरएनचं लायसन्स आणि बीपीचा पट्टा

अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांची डिग्री देणाऱ्या स्थानिक कॉलेजात, आरएन (रजिस्टर्ड नर्स) व्हायचं ठरलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न फीचा असतो आणि दुसरा वेटलिस्टचा. दोन्ही रास्तच. पण त्याच्याही आधी विचारायचं ते हे, की प्रोग्रामला ॲक्रेडिटेशन, म्हणजे दर्जाची मान्यता, कुणाचं आहे. कॉलेजची मान्यता वेगळी आणि त्यातल्या नर्सिंग प्रोग्रामची वेगळी. राज्याच्या नर्सिंग बोर्डाची मंजुरी असली की लायसन्सच्या परीक्षेला (एनक्लेक्स) बसता येतं, आणि एवढ्यावर खूप जण निर्धास्त होतात. अडतं ते नंतर, बीएसएनला (चार वर्षांच्या नर्सिंग डिग्रीला) अर्ज करताना किंवा माजी सैनिकांच्या सरकारी हॉस्पिटलात नोकरी मागताना. दोन वर्षांच्या प्रोग्रामांना हे ॲक्रेडिटेशन एसीईएन किंवा सीएनईए या संस्था देतात. सीसीएनई हे तिसरं नावही कानावर पडतं, पण ती संस्था बॅचलर्स आणि त्यापुढचेच प्रोग्राम तपासते. असोसिएट, म्हणजे दोन वर्षांच्या, डिग्रीच्या जाहिरातीत ते नाव दिसलं तर कुठेतरी पाणी मुरतंय असं समजावं.

दुसरी गोष्ट निकालाची. एनक्लेक्समध्ये पहिल्या प्रयत्नात किती टक्के पास झाले, हे बोर्डं कॉलेजवार जाहीर करतात. तो आकडा एकटा वाचू नका. निकाल ९६ टक्के, पण आत आलेल्या ४० जणांपैकी वेळेत बाहेर पडले २२, असं असेल तर कॉलेज शिकवत कमी आणि गाळत जास्त आहे. काही ठिकाणी शेवटच्या सेमिस्टरला एक्झिट परीक्षा ठेवतात आणि ती पार केल्याशिवाय डिग्रीची कागदपत्रं बोर्डाकडे पाठवत नाहीत. माहितीसत्राला गेलात की सरळ विचारायचं, "शंभर आले तर वेळेत किती बाहेर पडतात?" उत्तर गोलमोल आलं तर तेच उत्तर.

या डिग्रीचा इतिहास समजून घेण्यासारखा आहे, कारण आजचे वाद त्यातूनच आलेत. अमेरिकेतलं सर्वांत जुनं सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज इलिनॉयमधलं जोलिएट, १९०१ सालचं. नर्सिंगची दोन वर्षांची डिग्री मात्र पन्नास वर्षांनी आली. मिल्ड्रेड मॉन्टॅग यांनी कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात १९५१ मध्ये ती कल्पना मांडली आणि १९५२ मध्ये सात ज्युनिअर कॉलेजं आणि एक हॉस्पिटल धरून प्रयोग सुरू झाला. त्यांच्या डोक्यात ही 'तांत्रिक' नर्स होती, चार वर्षं शिकलेल्या नर्सच्या हाताखाली काम करणारी. पण परीक्षा एकच आणि लायसन्सही एकच राहिलं. दोन आणि चार वर्षांचा हा झगडा त्यामुळे आजही मिटलेला नाही, आणि नोकरीच्या जाहिरातीत 'बीएसएन प्रिफर्ड' हे दोन शब्द वाचताना त्याची झळ लागते.

'दोन वर्षांची डिग्री' या नावावरही जाऊ नका. प्रोग्राम चार सेमिस्टरचा खरा, पण त्याआधी करावे लागणारे विषय (प्रीरेक्विझिट) धरले तर तीन ते चार वर्षं सहज जातात. ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीचे दोन भाग लॅबसकट, मायक्रोबायॉलॉजी, इंग्रजी, सायकॉलॉजी, बऱ्याच ठिकाणी स्टॅटिस्टिक्स. ॲनाटॉमीचा पहिला भाग झाल्याशिवाय दुसऱ्याला बसता येत नाही, त्यामुळे ही साखळी कितीही घाई केली तरी एका सेमिस्टरात उरकत नाही. त्यातून विज्ञानाच्या विषयांना मुदत असते, बहुतेक ठिकाणी पाच ते सात वर्षं. मुलं लहान असताना बायॉलॉजी करून ठेवलं आणि सात वर्षांनी अर्ज भरला तर 'ए' ग्रेड असूनही विषय पुन्हा करावा लागतो. प्रवेश परीक्षा टीज किंवा हेसी. टीजमध्ये २०९ मिनिटांत १७० प्रश्न असतात, आणि वर्षातून किती वेळा बसता येईल हे प्रत्येक कॉलेज ठरवतं. सराव म्हणून देऊन बघू, असं तिथे चालत नाही.

पैशांचा हिशेब थोडक्यात. फाफ्सा हा सरकारी शिक्षणमदतीचा फॉर्म भरल्यावर मिळणारी पेल ग्रँट (न फेडायची मदत) २०२५-२६ साठी जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर आहे आणि ती आयुष्यात १२ पूर्ण सेमिस्टरपुरतीच मिळते. वेटलिस्टवर असताना वेळ जावा म्हणून इकडचे तिकडचे विषय घेणारे इथेच फसतात. डिग्रीत न मोजल्या जाणाऱ्या विषयांना मदत मिळत नाही, आणि घेतलेल्या क्रेडिट्सपैकी साधारण ६७ टक्के पूर्ण झाली नाहीत तर पुढची मदतही थांबते. ग्रीन कार्ड असेल तर ही मदत मिळते, एच-४ (नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या कुटुंबीयांचा व्हिसा) किंवा एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर नाही. एच-४ वर शिकता येतं, पण वर्क परमिट नसेल तर लायसन्स हातात असूनही नोकरी करता येत नाही. हा हिशेब पहिल्याच सेमिस्टरला मांडावा. काही राज्यांची बोर्डं लायसन्ससाठी सोशल सिक्युरिटी नंबर मागतात, तेही तेव्हाच तपासून घ्यावं.

एकदा आत गेलं की नियम बदलतात. पासची रेषा ५० किंवा ६० वर नसते. बऱ्याच प्रोग्रामांत ती ७५ ते ७८ च्या दरम्यान असते आणि गुण पूर्णांकात वाढवून मिळत नाहीत. रेषा ७५ ची असेल तर ७४.९ म्हणजे नापास. दोन विषयांत असं झालं की सहसा बाहेरच. यात सर्वांत जास्त जण अडखळतात ते डोस कॅल्क्युलेशनला, आणि या परीक्षेत ९० ते १०० टक्के मागतात. गणित चौथी-पाचवीचंच असतं. चूक होते ती एककांत.

हे उदाहरण पाहा. डॉक्टरांची ऑर्डर आहे, हेपॅरिन ताशी १८ युनिट प्रति किलो. पिशवीत २५० मिलीलिटरमध्ये २५,००० युनिट, म्हणजे एका मिलीलिटरला १०० युनिट. चार्टवर पेशंटचं वजन १६५. पाउंड. आधी २.२ ने भागायचं: ७५ किलो. ७५ गुणिले १८ म्हणजे ताशी १,३५० युनिट, आणि पंपावर आकडा ताशी १३.५ मिलीलिटर. पाउंडाचे किलो करायला विसरलात तर तोच आकडा येतो २९.७. दुपटीहूनही जास्त हेपॅरिन, तेही असं औषध ज्याने रक्त गोठणं थांबतं. म्हणून कागदावर हातभर ओळी लिहायची सवय ठेवा आणि प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहा. तोंडी हिशेब जमतो म्हणणारेच आधी घसरतात. आणखी एक, दशांश चिन्हाआधी शून्य लिहायचं, पूर्णांकानंतर लिहायचं नाही. म्हणजे ०.५ आणि ५. नुसतं .५ लिहिलं आणि टिंब पुसट उमटलं की पाच होतात, ५.० लिहिलं आणि टिंब दिसलं नाही की पन्नास.

लॅबमधल्या चेक-ऑफबद्दल, म्हणजे हाताने करून दाखवायच्या परीक्षेबद्दल, एकच सांगतो. स्टेराइल फील्डची (निर्जंतुक कापडाची) कडेची एक इंच पट्टी आणि कमरेखालचं सगळं अस्वच्छच धरतात. कॅथेटर घालताना हातमोजा चुकून कडेला लागला तर गप्प बसून पुढे जाऊ नका. "माझा मोजा दूषित झाला, मी बदलते" असं मोठ्याने म्हणा आणि बदला. तपासणारी बाई हात बघते तितकंच तोंडही बघते, आणि चूक स्वतः पकडणाऱ्याला सहसा पुढे जाऊ देतात.

डिग्री झाल्यावर अर्ज दोन ठिकाणी जातात. एक राज्याच्या बोर्डाकडे लायसन्ससाठी, त्यात बोटांचे ठसे आणि पार्श्वभूमीची तपासणी. दुसरा परीक्षा घेणाऱ्या पिअर्सन व्ह्यू कंपनीकडे एनक्लेक्ससाठी, त्याचे २०० डॉलर. बोर्डाने पात्र ठरवलं की एटीटी नावाचं परवानगीपत्र येतं. त्यावर मुदत छापलेली असते आणि ती वाढवून मिळत नाही. इथे मराठी नावांचा एक खास घोळ होतो. पासपोर्टवर स्वतःच्या नावाला जोडून वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, ड्रायव्हिंग लायसन्सवर ते मधलं नाव म्हणून, आणि कॉलेजच्या दाखल्यावर गायब. परीक्षाकेंद्रावर एटीटीवरचं पहिलं आणि शेवटचं नाव ओळखपत्राशी जुळलं नाही तर परत पाठवतात आणि पैसेही बुडतात. अर्ज भरतानाच ओळखपत्र समोर ठेवा आणि त्यावर जसं आहे अगदी तसं टाइप करा.

परीक्षा संगणकावर असते आणि तुमच्या उत्तरांप्रमाणे संगणक पुढचे प्रश्न जुळवून देतो. कमीत कमी ८५, जास्तीत जास्त १५० प्रश्न आणि पाच तास. त्यातले १५ प्रश्न गुणांत धरत नाहीत, पण कोणते ते कळत नाही. ८५ व्या प्रश्नाला स्क्रीन बंद पडली म्हणजे पास, असं होस्टेलपासून व्हॉट्सॲपपर्यंत सगळीकडे सांगतात. तसं नाही. उमेदवार रेषेच्या वर आहे की खाली, याची मशीनला ९५ टक्के खात्री झाली की ती थांबते, मग निकाल कुठलाही असो. नापास झालं तर ४५ दिवसांनी पुन्हा बसता येतं.

पहिली नोकरी मोठ्या शहरातल्या नामवंत हॉस्पिटलात मिळेल असं धरून चालू नका. तिथे बीएसएन मागतात, किंवा अमुक वर्षांत पूर्ण करीन असं लिहून घेतात. न्यू यॉर्कमध्ये तर २०१७ सालच्या कायद्याने नव्या आरएनना दहा वर्षांत बीएसएन करणं बंधनकारकच आहे. डायलिसिस केंद्रं, लहान हॉस्पिटलं, वृद्धांची दीर्घकालीन निवासं, होम हेल्थ इथे दोन वर्षांच्या डिग्रीला दार उघडं असतं. त्यातल्या त्यात, नव्या नर्ससाठी वर्षभराचा रेसिडेन्सी कार्यक्रम असेल तिथे पगार थोडा कमी असला तरी जावं. कर्ज घेतलं असेल तर मालक ना-नफा किंवा सरकारी आहे का ते बघा. आठवड्याला ३० तास काम आणि १२० पात्र हप्ते झाले की पीएसएलएफ या कर्जमाफी योजनेखाली उरलेलं सरकारी कर्ज माफ होतं. पण बघतात डब्ल्यू-२ वर (पगाराच्या करपत्रकावर) मालक म्हणून कुणाचं नाव आहे ते. काम ना-नफा हॉस्पिटलात आणि पगार खासगी एजन्सीकडून, अशी नोकरी असेल तर सहसा हप्ते धरले जात नाहीत.

बीएसएन मालकाच्या पैशाने करावं हे आमचं ठाम मत. वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतची शिक्षणमदत करमुक्त असते आणि बरीच हॉस्पिटलं ती देतात. एकूण १२० क्रेडिटची डिग्री, त्यातली निम्मी कम्युनिटी कॉलेजचीच चालतात. फ्लोरिडा आणि वॉशिंग्टनमध्ये तर काही कम्युनिटी कॉलेजंच बीएसएन देतात. समाजात काम करायची ज्यांना ओढ आहे त्यांना ही डिग्री पगारापेक्षाही वेगळ्या कारणाने लागते. दोन वर्षांच्या अभ्यासात सगळा भर खाटेवरच्या पेशंटवर असतो, वस्तीचं आरोग्य जवळजवळ नसतंच. कॅलिफोर्नियात पब्लिक हेल्थ नर्सचं प्रमाणपत्र बीएसएनशिवाय मिळत नाही.

आता सेवेकडे. कम्युनिटी कॉलेजचे पदवीधर बहुतेक त्याच काउंटीत राहतात आणि त्याच हॉस्पिटलात लागतात. त्यामुळे "रविवारी हॉलमध्ये आरोग्य शिबिर आहे, तू नर्स आहेस ना?" हा फोन लायसन्स आल्यावर महिन्याभरात येतोच. हो म्हणण्यापूर्वी तीन गोष्टी पक्क्या करा. पहिली, लायसन्स कुठल्या राज्याचं. शिबिर नदीपलीकडे दुसऱ्या राज्यात असेल आणि दोन्हींपैकी एक जरी राज्य कॉम्पॅक्ट करारात (एकमेकांचं नर्सिंग लायसन्स मानण्याचा राज्यांमधला करार) नसेल तर तिथे तुम्ही नर्स नाही. कॅलिफोर्निया आणि न्यू यॉर्क या करारात नाहीत. करारातल्याच दुसऱ्या राज्यात राहायला गेलात तर ६० दिवसांत तिथल्या लायसन्सला अर्ज करावा लागतो. दुसरी, विमा. हॉस्पिटलची पॉलिसी तुमच्या शिफ्टपुरती असते, रविवारच्या हॉलला ती लागू नाही. १९९७ चा केंद्रीय स्वयंसेवक संरक्षण कायदा ना-नफा संस्थेच्या स्वयंसेवकाला सांभाळून घेतो, पण ढोबळ निष्काळजीपणाला नाही, आणि संस्थेलाही नाही. स्वतःची मालप्रॅक्टिस पॉलिसी घेऊन ठेवा. तिसरी, तपासायचं काय. नुसतं बीपी असेल तर प्रश्न नाही. बोट टोचून साखर बघणार असाल तर आयोजकांकडे क्लिया (तपासणी-प्रयोगशाळांचा केंद्रीय कायदा) वेव्हरचं प्रमाणपत्र लागतं, मग मशीन औषधांच्या दुकानातलं का असेना. हे ऐकल्यावर निम्मे आयोजक चकित होतात.

बीपीचं टेबल सोपं दिसतं आणि तिथेच सर्वांत जास्त चुका होतात. एका टेबलावर तासाला सहा-सात माणसं होतात, त्याहून जास्त नाही. चार तासांत पन्नास जण करायचे तर दोन टेबलं, दोन नर्स, आणि भिंतीला लावलेल्या सात-आठ पाठीच्या खुर्च्या. पाच मिनिटं शांत बसणं त्या खुर्च्यांवर उरकायचं, टेबलासमोर नाही. बाकावर रांग लावू नका, कारण बाकाला पाठ नसते आणि बाकावरची माणसं गप्पा मारतात. मागच्या अर्ध्या तासात चहा, कॉफी, सिगारेट किंवा व्यायाम झालाय का ते विचारायचं, आणि लघवीला जाऊन या म्हणून सांगायचं. चहाचा स्टॉल बीपीच्या टेबलाआधी लावू नका, इतकं साधं.

पट्ट्याचे तीन आकार तरी हवेत. खांदा आणि कोपर यांच्या मधोमध दंडाचा घेर टेपने मोजा. २२ ते २६ सेंटिमीटरला लहान, २७ ते ३४ ला नेहमीचा, ३५ ते ४४ ला मोठा. पट्ट्यातली फुगणारी पिशवी घेराचा ८० टक्के भाग वेढणारी असावी. जाड दंडाला नेहमीचा पट्टा बांधला तर आकडा खोटा चढतो आणि धडधाकट माणूस घाबरून घरी जातो. पट्टा उघड्या दंडावर बांधा. बाही वर गुंडाळून तिचाच फास बसला तर तोही घात. हात टेबलावर, हृदयाच्या पातळीत. ती पातळी सुटली की दर इंचाला साधारण दोन अंकांचा फरक पडतो. हात मांडीवर सहा इंच खाली पडला असेल तर बारा अंक फुकटचे. पाय जमिनीवर, एकावर एक नकोत, आणि मोजताना कुणी बोलायचं नाही. तुम्हीसुद्धा नाही.

कुठल्या हातावर बांधायचं हे आधी विचारा. डायलिसिससाठी फिस्च्युला (शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी) असलेला हात आणि स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढलेली बाजू, दोन्ही टाळायचे. नाडी अनियमित लागली तर डिजिटल मशीन बाजूला ठेवा, ते गोंधळतं. हाताने फुगवायच्या गेजवर, स्टेथोस्कोप लावून घ्या: मनगटावरची नाडी कुठल्या आकड्याला गायब होते ते बोटाने बघा, त्याच्या ३० वर फुगवा, आणि सेकंदाला दोन अंकांच्या गतीने हवा सोडा. भराभर सोडली तर वरचा आकडा कमी येतो. गेजवर दोन-दोन अंकांवर रेघा असतात, त्यामुळे सगळ्यांचं बीपी १२०, १३०, १४० असं गुळगुळीत लिहिलं जात असेल तर कुणाचं तरी अंदाजपंचे चाललंय. एक मिनिट थांबून दुसऱ्यांदा घ्या, दोन्ही आकडे लिहा आणि त्यांची सरासरी सांगा.

सांगायचं किती? सरासरीत वरचा आकडा १३० किंवा खालचा ८० वा त्याहून जास्त आला तर "एका दिवसाच्या मोजण्यावरून निदान होत नाही, डॉक्टरांना दाखवा" एवढंच. वरचा १८० किंवा खालचा १२० च्या पुढे गेला तर थोडं थांबून पुन्हा घ्या. छातीत दुखणं, दम लागणं, हातापायाला बधिरपणा, दिसण्या-बोलण्यात फरक, यातलं काहीही सोबत असेल तर ९११. लक्षण नसेल तर डॉक्टरांना त्याच दिवशी फोन, आणि तो फोन शक्यतो टेबलावरूनच लावून द्या. "गोळी अर्धी केली तर चालेल का?" हा प्रश्न हमखास येतो, ओळखीचे काका विचारतात, आणि नाही म्हणणं जड जातं. तरी नाहीच म्हणायचं. औषधाचा डोस बदलायला सांगणं आरएनच्या कक्षेत बसत नाही, आणि लायसन्स रविवारीही तेच असतं.

शिबिराच्या पलीकडे जायचं असेल तर मेडिकल रिझर्व्ह कोअर या आपत्तीत मदत करणाऱ्या स्वयंसेवकांच्या यंत्रणेत आधीच नाव नोंदवा. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर २००२ मध्ये ही यंत्रणा उभी राहिली. पूर किंवा वादळ आल्यावर स्टेथोस्कोप गळ्यात घालून थेट पोचलेल्यांना बहुधा परत पाठवतात, कारण त्या धावपळीत लायसन्स तपासायला कुणाला वेळ नसतो. नोंदणी, लायसन्सची पडताळणी आणि आयएस-१०० व आयएस-७०० हे फेमाचे (केंद्रीय आपत्ती-व्यवस्थापन संस्थेचे) मोफत ऑनलाइन कोर्स शांततेच्या काळात उरकावेत. वैद्यकीय शिक्षण नसलेल्या घरच्यांसाठी सर्ट आहे, आपत्तीत शेजाऱ्यापाजाऱ्यांना मदत करण्याचं साधारण २० तासांचं प्रशिक्षण. त्याची सुरुवात १९८५ मध्ये लॉस एंजेलिसच्या अग्निशमन दलाने केली.

आणखी एक जागा आहे जिथे फारसं कुणी जात नाही: आपल्याच कॉलेजची सल्लागार समिती. नर्सिंगसारख्या प्रोग्रामांना स्थानिक मालक आणि पदवीधर यांची अशी समिती असते, आणि ती वर्षातून एक-दोनदा बसते. लॅबमधला पंप जुना आहे आणि आपल्या हॉस्पिटलात वेगळाच येतो, नव्या मुलांना चार्टिंगचं सॉफ्टवेअर पहिल्या आठवड्यात कळत नाही, हे प्राध्यापकांना वॉर्डातल्या नर्सखेरीज कोण सांगणार? आपलं म्हणणं मिनिट्समध्ये (बैठकीच्या इतिवृत्तात) लिहून घ्यायला लावा, कारण नव्या उपकरणांसाठी अर्ज करताना कॉलेजला ते मिनिट्स उपयोगी पडतात.

शिबिरावरून उठताना शेवटचं काम. कार्डावर तारीख, हात, दोन्ही आकडे आणि पुढे काय करायचं ते लिहून माणसाच्या हातात द्या. ज्यांच्याकडे विमा नाही त्यांच्यासाठी जवळच्या फेडरली क्वालिफाइड हेल्थ सेंटरचा पत्ता त्याच कार्डामागे छापून घ्या. तिथे फी उत्पन्नाप्रमाणे घेतात आणि पैसे नाहीत म्हणून परत पाठवत नाहीत. ज्यांचे आकडे फार चढे होते त्यांच्याकडून फोन करायची लेखी परवानगी घ्या, आणि पुढच्या शनिवारी पहिला प्रश्न विचारा, "अपॉइंटमेंट कधीची मिळाली?" "डॉक्टरांकडे गेलात का?" असं विचारलं की लोक संकोचाने "हो, हो" म्हणतात. तारीख विचारली की खरं काय ते कळतं.